४,४६२ वजा ३,११८ : अहमदाबादचा मे २०१०

मे २०१० या एका महिन्यात अहमदाबाद शहरात ४,४६२ मृत्यूंची नोंद झाली. २००९ आणि २०११ या दोन वर्षांच्या मे महिन्यांची सरासरी काढली तर ती ३,११८ येते. वजाबाकी केली की १,३४४ उरतात. म्हणजे नेहमीपेक्षा ४३ टक्के जास्त माणसे एका महिन्यात गेली. शहरात ना भूकंप झाला होता, ना पूर आला होता, ना कुठली साथ पसरली होती. होते ते फक्त ऊन.

दक्षिण आशियात उन्हाच्या बळींचा विषय निघाला की हे प्रकरण समोर येतेच. मला ते महत्त्वाचे वाटते ते एवढ्याचसाठी की इथे कुणीतरी ती वजाबाकी केली. उन्हाने मेलेली माणसे उष्माघाताच्या यादीत सापडत नाहीत, ती जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात सापडतात, हे या एका आकड्याने सिद्ध केले. पुढे जे काही झाले ते त्यानंतरचे.

महिना कसा गेला

गुजरात आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्ये त्या १ मे रोजी पन्नास वर्षांची झाली होती. सुवर्णमहोत्सवाचे वर्ष आणि वर वैशाख वणवा. अहमदाबादला ऊन नवे नाही. एप्रिल ते जून पारा चाळिशीच्या वर असणे तिथे ठरलेलेच. दुपारी बाजारपेठ सुस्तावते, छास पोटात जाते, दुपट्टा तोंडाला बांधला जातो. अशा सरावलेल्या शहराला उन्हाचे काय, असे कुणीही म्हटले असते.

१९ ते २५ मे हा आठवडा मात्र सरावापलीकडचा निघाला. २१ मे रोजी पारा ४६.८ अंशांवर गेला. एरवी मे महिन्यात शहरात दिवसाला साधारण शंभर मृत्यू नोंदले जातात. त्या दिवशी आकडा तीनशेवर गेला. तुलनेसाठी कोणता काळ धरता त्यानुसार त्या आठवड्यातले मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या १.७६ पट ते २.१२ पट भरते. सुमारे ५५ लाखांच्या शहरात रोज दुप्पट अंत्ययात्रा निघत होत्या. पण जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्ल्यांमध्ये (तिथे त्यांना ‘पोळ’ म्हणतात), चाळींमध्ये, गिरणी भागातल्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये प्रत्येक घराला आपापलेच माणूस गेलेले दिसत होते. म्हातारे होते, दम्याचा त्रास होता, हृदय कमजोर होते. प्रत्येक मृत्यूला स्वतःचे कारण होतेच. सगळे मिळून काय घडतेय ते दिसायला एखादी उंच जागा लागते, आणि ती त्या आठवड्यात कुणाकडे नव्हती.

दाखल्यावर ऊन का दिसत नाही

रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टर नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचा दाखला, भरतात. त्यात तीन ओळी असतात: मृत्यूचे तात्कालिक कारण, त्याआधीचे कारण आणि मुळाशी असलेले कारण. आता समजा, सत्तरीची एक बाई आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यातच लघवी जास्त करवणारे औषध आहे. पत्र्याखालच्या खोलीत दोन रात्री तिला झोप लागलेली नाही. तहान कमी लागते, कारण वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते. तिसऱ्या दिवशी दुपारी ती कोसळते आणि रुग्णालयात पोचेपर्यंत संपते. तात्कालिक कारणाच्या ओळीत येते हृदयक्रिया बंद पडणे, आणि मुळाशी उच्च रक्तदाब. दोन्ही नोंदी खऱ्याच आहेत. डॉक्टरने काही लपवलेले नाही. तरीही ती बाई आदल्या आठवड्यात गेली नसती, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

उष्माघात लिहायचा तर शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या वर गेलेले मोजावे लागते, शुद्ध हरपलेली दिसावी लागते, ताप आणणारी दुसरी कारणे बाजूला सारावी लागतात. मृत अवस्थेत आणलेल्या माणसाबाबत हे जवळजवळ अशक्य. आणि ही झाली दाखला मिळतो त्यांची गोष्ट. २०२० साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. बाकीच्यांच्या बाबतीत कारणाचा रकाना असून नसल्यासारखा.

याचा परिणाम सरकारी आकड्यांत स्पष्ट दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात संपूर्ण भारतात उष्माघाताने ७३० आणि थंडीने ७२० मृत्यू दाखवले आहेत. एकशे चाळीस कोटींच्या देशात, अख्ख्या वर्षात, ७३०. अहमदाबादने एका महिन्यात त्याच्या जवळपास दुप्पट माणसे गमावली होती. या दोन आकड्यांपैकी कुठला खरा मानायचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

वजाबाकीची रीत

गांधीनगरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थमधले डॉ. दिलीप मावळंकर, गुलरेज शाह अझर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी महापालिकेकडून रोजच्या सर्व मृत्यूंच्या नोंदी घेतल्या. कारण कुठलेही असो, फक्त किती आणि कोणत्या तारखेला, एवढेच. शेजारी त्या दिवसाचे कमाल तापमान मांडले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर दिलेले आकडे त्यातलेच.

रीत साधी आहे आणि तिचे बळ त्या साधेपणात आहे. माणूस कशाने मेला यावर वाद होऊ शकतो, तो मेला यावर होत नाही. तापमान आणि मृत्यू यांचा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे दोन्ही अगदी बरोबरीने वर-खाली) २०१० च्या एप्रिलमध्ये ०.६९, मे महिन्यात ०.७७ आणि जूनमध्ये ०.३९ निघाला. मे महिन्यात पारा वर गेला की रजिस्टर भरत होते, खाली आला की ओसरत होते. जूनमध्ये संबंध का सैल झाला? माझ्या मते तेव्हा हवेत दमटपणा शिरतो आणि नुसता पारा पुरेसे सांगेनासा होतो.

या रीतीला मर्यादा आहेतच. तुलनेला दोनच वर्षे होती. शिवाय उन्हाच्या लाटेत गेलेल्यांपैकी काही जण आधीच इतके खंगलेले असतात की ते पुढच्या काही आठवड्यांत गेले असते. म्हणजे मृत्यू वाढला नाही, अलीकडे आला. लाटेनंतर मृत्यू नेहमीपेक्षा कमी होतात का, हे बघून तो हिशेब लावता येतो. तरीही महिन्याभरात १,३४४ जादा मृत्यू हा आकडा नुसत्या ‘अलीकडे आले’ या स्पष्टीकरणात मावेल असे मला वाटत नाही.

वरच्या मजल्यावरची बाळे

याच शहरातला दुसरा एक अभ्यास आकाराने छोटा आहे, पण वाचल्यावर मनातून जात नाही. सरसपूर भागात महापालिकेचे शारदाबेन रुग्णालय आहे. तिथला प्रसूती कक्ष इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होता. वर थेट गच्ची, गच्चीवर दिवसभराचे ऊन. २०१० च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत उष्णतेच्या त्रासामुळे २४ नवजात बाळांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. २००९ मध्ये याच तीन महिन्यांत अशी बाळे ८ होती, आणि २०११ मध्ये ४.

नवजात बाळाला घाम नीट फुटत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा खूप पसरलेली, त्यामुळे भोवतालची उष्णता ते झटकन शोषते. पाणी मागता येत नाही. त्यात आपल्याकडे बाळाला गुंडाळून ठेवायची सवय. डॉक्टरांनी हिशेब मांडला तेव्हा ४२ अंशांच्या वर प्रत्येक एका अंशाला अशा बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले.

उपाय काय केला? कक्ष खालच्या मजल्यावर आणला. कुठलेही महागडे यंत्र नाही, नवी इमारत नाही. खाटा खाली आल्या, आणि बाळांना उष्णतेचा त्रास होण्याची शक्यता जवळजवळ एकतृतीयांशावर आली. महाराष्ट्रातल्या किती उपजिल्हा रुग्णालयांत प्रसूती कक्ष किंवा वृद्धांचा वॉर्ड गच्चीखाली आहे, हे बघायला कुठला आयोग नेमावा लागत नाही. जिना चढून जावे लागते.

शरीराचे गणितही इथेच सांगून टाकतो. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तोवर शरीरातली उष्णता हवेत जाते. हवा ४४ अंशांची असेल तर उलटा प्रवाह सुरू होतो आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणे. घामासाठी पाणी आणि मीठ हवे, आणि रक्त त्वचेपर्यंत नेण्यासाठी हृदयाने जादा काम करायला हवे. ज्याचे हृदय आधीच दमलेले, ज्याचे मूत्रपिंड कमजोर, जो मनोविकाराची काही औषधे घेतो (त्यातल्या काहींनी घाम कमी होतो), तो इथे मागे पडतो. पंख्याचेही तसेच. हवा चाळिशीच्या पुढे गेली की पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असे सांगते. रात्री खोली थंड झाली नाही, तर हृदयाला मधली सुट्टीच मिळत नाही. म्हणून पहिल्या दिवसापेक्षा तिसरा दिवस जास्त घातक.

२०१३ : योजना

महापालिका, गांधीनगरची संस्था, अमेरिकेतील नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही पर्यावरण संस्था आणि तिथली काही विद्यापीठे यांनी मिळून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातला हा अशा प्रकारचा पहिला. त्याचा गाभा तीन रंगांचा: ४१.१ ते ४३ अंशांचा अंदाज असेल तर पिवळा, ४३.१ ते ४४.९ ला नारिंगी, ४५ आणि पुढे लाल. त्यासाठी सात दिवस आधीचा अंदाज जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या मदतीने मिळवला जात असे.

रंग जाहीर झाला की कुणी काय करायचे, हे आधीच लिहून ठेवलेले. महापालिकेत एक जबाबदार अधिकारी. त्याच्याकडून निरोप रुग्णालयांना, १०८ रुग्णवाहिकेला, पाणी खात्याला, आशा कार्यकर्त्यांना. रुग्णालयांत बर्फाच्या पिशव्या आणि सलाइनचा साठा. उद्याने दुपारीही उघडी, म्हणजे सावली मिळेल. पाणपोया, टँकर. डॉक्टरांना वेगळे प्रशिक्षण, कारण उष्माघात ओळखायला उशीर झाला की पुढचे सगळे व्यर्थ. रुग्णाला आधी थंड करायचे, मग बाकीच्या तपासण्या.

या सगळ्यात नवे असे काय होते? पाणपोई आपल्याकडे शतकानुशतके आहे. नवे होते ते हे की कुठल्या आकड्याला कुणाचा फोन वाजेल, ते ठरले. आणि ते आकडे शहराच्या स्वतःच्या मृत्यूंच्या रजिस्टरातून निघाले होते, दिल्लीहून आले नव्हते.

२०१७ पासून त्यात छतांची भर पडली. गरीब वस्त्यांतल्या पत्र्यांवर, स्लॅबवर पांढरा चुना. पाण्यात विरवलेल्या चुन्यात चिकटपणासाठी गोंदासारखे द्रव्य मिसळायचे, छत झाडून धुऊन घ्यायचे, मग ब्रशने दोन हात मारायचे. पांढरे छत ऊन परतवते, खाली खोली काही अंशांनी निवते. पाऊस ते धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी पुन्हा करावे लागते. कटकटीचे काम आहे, पण कूलरचे बिल न परवडणाऱ्या घराला याहून स्वस्त काही नाही.

उपयोग झाला का

२०१८ मध्ये याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. आराखड्याआधीची २००७ ते २०१० ही वर्षे एकीकडे, नंतरची २०१४ आणि २०१५ दुसरीकडे. आधीच्या काळात ४७ अंशांच्या दिवशी मृत्यूचा धोका नेहमीच्या २.३४ पट होता, नंतरच्या काळात तो १.२५ पट. वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असा अंदाज.

हा १,१९० चा आकडा आपल्याकडे भाषणांत फार सहज फेकला जातो, म्हणून थोडे थांबून बोलतो. संशोधकांनीच त्याची व्याप्ती १६२ ते २,२१८ अशी दिली आहे. ही प्रचंड रुंद पट्टी आहे. शिवाय तुलना ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी आहे. मधल्या काळात लोकांच्या घरी कूलर आले असतील, पाणीपुरवठा सुधारला असेल, २०१० च्या आठवणीने लोक स्वतःच सावध झाले असतील. सगळे श्रेय आराखड्याला देता येणार नाही. पण पट्टीचे खालचे टोक धरले तरी वर्षाला १६२ जीव आहेत, आणि खर्च मुख्यतः फोन, फलक, प्रशिक्षण आणि माणसांच्या वेळेचा. २० मे २०१६ रोजी अहमदाबादचा पारा ४८ अंशांवर गेला, २०१० पेक्षाही वर. असे दिवस आता पुन्हा पुन्हा येणार हे गृहीत धरूनच बोलायला हवे.

आणि थंडी?

हा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो: जगात उन्हापेक्षा थंडीच जास्त माणसे मारते. हे खरे आहे. २००० ते २०१९ या काळाच्या एका जागतिक अभ्यासात, प्रतिकूल तापमानाशी जोडलेले मृत्यू वर्षाला सुमारे ५० लाख, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ९.४ टक्के निघाले. त्यात थंडीचा वाटा ८.५२ टक्के आणि उष्णतेचा ०.९१ टक्के. भारतापुरत्या २०१८ च्या अभ्यासातही मध्यम थंडीचाच वाटा मोठा दिसला. ३० ते ६९ वयोगटातल्या पक्षाघाताच्या मृत्यूंपैकी सुमारे २७ टक्के तिच्याशी जोडता आले.

यातली मेख ‘मध्यम’ या शब्दात आहे. निफाडचा पारा दोन अंशांवर उतरला की वर्तमानपत्रात दवबिंदू गोठल्याचे छायाचित्र येते. पण थंडीचे बहुतेक बळी त्या दिवसाचे नसतात. ते डिसेंबर-जानेवारीच्या साध्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या गारठ्याचे असतात. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो, रक्त घट्ट होते, बंद घरांत श्वसनाचे संसर्ग पसरतात. गारठा सोमवारी पडतो आणि पक्षाघात पुढच्या आठवड्यात, कधी तीन आठवड्यांनी येतो. ऊन मात्र त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत माणूस नेते.

त्यामुळे दोघांवरचे उपाय वेगळे. थंडीसाठी इशाऱ्याचा फारसा उपयोग नाही; तिथे रक्तदाबाची गोळी हिवाळाभर न चुकणे, वृद्धांना फ्लूची लस आणि बरे घर हेच कामाचे. उन्हाचे बळी वर्षातल्या मोजक्या दिवसांत दाटलेले असतात, म्हणून तिथे इशारा चालतो. थंडी जास्त मारते म्हणून उन्हाकडे दुर्लक्ष चालेल, हा निष्कर्ष त्या आकड्यांतून अजिबात निघत नाही.

आपल्याकडे

अहमदाबादच्या वाटेने २०१६ मध्ये नागपूरने आराखडा केला, आणि ते योग्यच झाले. विदर्भाचे ऊन अहमदाबादसारखेच कोरडे आणि करडे. पण अहमदाबादचे रंग जसेच्या तसे उचलून कोकणात लावता येत नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण सोहळ्याला लाखो लोक भर उन्हात बसले. जवळच्या केंद्रावर तापमान नोंदले गेले ३८ अंश. चौदा माणसे गेली. अहमदाबादच्या तक्त्यात ३८ अंशांना रंगच नाही, पिवळासुद्धा नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून समुद्रकाठी ३८ अंश हे नागपूरच्या बेचाळिसाहून जड जाऊ शकतात. हवामान खातेही किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा निकष ३७ अंशांपासून धरते, मैदानी भागासाठी ४० पासून. प्रत्येक शहराचा धोक्याचा आकडा वेगळा, आणि तो शोधायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: त्या शहराचे मृत्यू त्या शहराच्या हवामानाशेजारी मांडणे.

आपल्या महापालिकांकडे ही माहिती आहे. फक्त उशिराचा प्रश्न आहे. मृत्यूची नोंद करायला कायद्याने २१ दिवसांची मुदत मिळते, तेवढ्यात लाट येऊन गेलेली असते. मागे वळून आकडे तपासायला हे रजिस्टर उत्तम, पण लाट चालू असताना उपयोगी पडायचे तर दुसरीकडे बघावे लागेल. शहरांत अंत्यविधीसाठी पास लागतो आणि तो त्याच दिवशी निघतो. सर्व स्मशानभूमी, दफनभूमी आणि कब्रस्ताने मिळून आज किती पास गेले, हा एकच आकडा आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर रोज संध्याकाळी यायला हवा, शेजारी गेल्या पाच वर्षांची त्याच तारखेची सरासरी आणि त्या दिवसाचे तापमान व आर्द्रता. एप्रिल ते जून आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, दोन्ही हंगामांत. आणि तो महापालिकेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसायला हवा. या कामाला एक कारकून, एक संगणक आणि आयुक्तांची एक सही पुरेशी आहे.